एकोणीस पदं आणि दोन माणसं

माझा नवरा चर्चचा पाळक आहे. मंडळी केवढी म्हणाल, तर मला सोडून एकोणीस माणसं. माझ्या माहेरी लग्नाच्या पंगतीत एवढे लोक नुसते वाढायला असायचे. पण ह्यांचा रुबाब असा की एकोणीसशे सांभाळतायत. बावीस वर्षं मी हे बघतेय, उपासनेच्या खोलीमागच्या दोन दमट खोल्यांत राहून.

माणसं टिकवायची ह्यांची एक युक्ती आहे. कुणी यायचं बंद झालं की हे त्याच्या घरी जातात, चहा पितात आणि येताना त्याला एक पद देऊन येतात. वेल्डर रुसला, त्याला ध्वनिव्यवस्था प्रमुख केलं. आमची खोली एवढीशी की मागच्या बाकावर कुणी उसासा टाकला तरी पुढे ऐकू येतो. तरी माईक आला आणि दर रविवारी किंचाळायला लागला. निवृत्त नर्सबाईंना करमेना, त्या स्वागतप्रमुख झाल्या आणि हाताखाली चौघं मागून घेतली. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आजोबा ज्येष्ठ सल्लागार आहेत. ते पहिल्या गीताला डुलकी घेतात ती शेवटच्या प्रार्थनेला उठतात, आणि सल्ला कुणी मागत नाही, म्हणून सगळं सुरळीत चाललंय. शिलाईवाल्या बाई रविवारच्या शाळेच्या शिक्षिका. शाळेतली मुलं केव्हाच मोठी होऊन नोकऱ्यांना लागली. पण पद काढून कसं घ्यायचं? म्हणून त्या दर रविवारी बाजूच्या खोलीत चित्रांचे तक्ते लावतात, तासभर बसतात आणि तक्ते गुंडाळून घरी जातात.

"अहो, अख्ख्या मंडळीत बिनपदाची मी एकटीच," असं मी एकदा म्हणाले.

"अगं, तू पाळकीणबाई आहेस," हे म्हणाले. म्हणजे झाडलोट, फुलं, चादरी, आजाऱ्यांचे डबे. त्याला पद म्हणत नाहीत.

तर गेल्या वर्षी वरच्या कचेरीतून पत्र आलं. निरीक्षक येणार. उपासनेला किमान पंधरा माणसं बसत नसतील, तर ती मंडळी शहरातल्या मोठ्या मंडळीत विलीन करण्यात येईल. पत्र वाचून ह्यांचा चेहरा उजळला. "पंधरा! आपण तर एकोणीस आहोत!" लगेच सभा बोलावली आणि फर्मान काढलं, "त्या रविवारी सगळं कसं चोख दिसलं पाहिजे. काहीही होवो, कुणीही आपली जागा सोडायची नाही."

आणि कुणीही सोडली नाही हो!

निरीक्षक आले. गोरेगोमटे, नाकावर चष्मा, बगलेत फाईल. दारात पाच जणांनी त्यांचं स्वागत केलं आणि पाचही जण दारातच उभे राहिले, उशिरा येणाऱ्यांसाठी. उशिरा येणार कोण, हे कुणी विचारलं नाही. सात जण गायनमंडळात, भिंतीकडच्या ओट्यावर. माईकपाशी वेल्डर आणि त्याचा साडू. चहाला तिघं मागे. शिक्षिका बाजूच्या खोलीत. निरीक्षक पुढच्या बाकावर बसले आणि थोड्या वेळाने मान वळवून त्यांनी बसलेली माणसं मोजली. मी आणि आजोबा. आजोबा घोरत होते.

हे मात्र जोशात. कळप, मेंढपाळ, हरवलेलं एक मेंढरू, असा दणदणीत संदेश. आम्हा दोघांना!

उपासना संपल्यावर निरीक्षकांनी छापील कागद पुढे केला. रकाना होता: 'उपासनेस आसनस्थ.' हे पेन हातात धरून थबकले. तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं, काय करून बसलो ते. एकोणीस लिहिलं असतं तर कोण पकडणार होतं? निरीक्षकसुद्धा चष्मा पुसत मुद्दाम दुसरीकडे बघत होते. पण ह्यांनी कधी बसचं तिकीट चुकवलं नाही, ते इथे काय चुकवणार? त्यांनी दोन लिहिलं आणि खाली सही केली.

मी शेजारीच होते. मला म्हणता आलं असतं, की साहेब, सगळी माणसं इथेच आहेत, कामाला लागलीत, जरा चहाच्या खोलीत डोकवा. एरवी माझं तोंड मिटत नाही, पण तेव्हा मी गप्प बसले. खोटं कशाला सांगू? मोठ्या मंडळीत सहायक पाळकाला तीन खोल्यांचं घर मिळतं, हे मला ठाऊक होतं.

महिन्याभरात पत्र आलं. विलीन. ह्यांची बदली, सहायक पाळक म्हणून. मी जाऊन ते घर बघूनही आले. भिंतींना ओल नाही. स्वयंपाकघरात दोन माणसं एकमेकांना न धडकता उभी राहतात. परतताना मी चक्क गुणगुणत होते, लाज वाटते सांगायला.

रविवारी ह्यांनी पत्र वाचून दाखवलं. कुणी रडलं नाही. नर्सबाई म्हणाल्या, समारोप समिती नेमायला हवी. झालं! कार्यक्रम कुणी बघायचा, फोटो कुणी काढायचे, दोघं तर हमरीतुमरीवर आले. हेही कागदावर नावं लिहायला लागले.

मग शिलाईवाल्या बाई उठल्या. त्या सहसा बोलत नाहीत. "पाळकसाहेब, तिकडे रविवारची शाळा कोण घेतं?"

"तिकडे..." ह्यांनी घसा साफ केला. "तिकडे सहा शिक्षिका आहेत."

"बरं," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. तक्त्यांची गुंडाळी त्यांनी मांडीवर आडवी घेतली.

ह्यांनी नावांचा कागद घडी करून खिशात टाकला. आणि मी कधी उठले ते मलाच कळलं नाही.

"समारोप गेला खड्ड्यात," मी म्हणाले. "निरीक्षकांना परत बोलवा. अर्ज मी लिहिते, पहिली सही माझी. त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तर ही वेळ आली नसती. मला नवं घर हवं होतं, म्हणून गप्प बसले. आणि पुढच्या खेपेला दार नाही, माईक नाही, चहा नाही. सगळ्यांनी बाकावर बसायचं."

मग वेल्डर मागून म्हणाला, "नुसतं बसायचं?"

"नुसतं."

"तासभर?"

"तासभर!"

सगळे असे हवालदिल झाले, की जणू मी उपास धरायला सांगितला. हे हळूच माझ्याजवळ आले. "अगं, पण ते घर..."

"गप्प बसा," मी म्हणाले. "त्याला गॅलरी पण आहे, ठाऊक आहे मला."