टॉर्चच्या उजेडात अर्धा राहिलेला फॉर्म

मित्रांनो, आज मन लई खराब हाय, म्हणून लिहितोय.

मी हैदराबादला लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात कामाला हाय. शाळा नववीलाच सुटली. दुपारी गावाहून, करमाडहून, बहिणीचा, सुवर्णाचा फोन आला.

"दादा, लॅपटॉप चालू व्हतोय, पंख्याचा आवाज येतोय, पण स्क्रीन काळीच."

संभाजीनगरच्या नर्सिंग कॉलेजचा फॉर्म आज पाचपर्यंत भरायचा होता. कागदपत्रं सगळी त्याच लॅपटॉपमधी.

मी म्हणालो, "मोबाईलचा टॉर्च लाव अन् स्क्रीनवर तिरपा धर."

"व्हय रे, अंधुक अक्षरं दिसायलीत."

"मंग नुसता आतला लाईट गेलाय. तसाच भर फॉर्म."

एका हातात टॉर्च धरून ती दुसऱ्या हातानं टाईप करत होती. अर्धा फॉर्म झाला अन् बाहेरून आमच्या वडलांची, आबांची हाक आली, "सुवर्णे, टँकर आला. हंडे घे."

जवळच्या शेंद्रा एमआयडीसीतल्या बांधकामांवर टँकर रोज जातात, आमच्या गल्लीत चौथ्या दिवशी येतो.

"आलेच दादा," म्हणून ती पळाली. फोन स्पीकरवर चालूच होता. आबा अन् चुलते ओट्यावर बसून गप्पा मारत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

ती परत आली तवा सव्वापाच झाले होते. फॉर्म बंद.

"आबा, आज तुम्ही जा," एवढं मला फोनवरून ओरडून सांगता आलं असतं. मी तिलाच म्हणालो होतो, "लवकर ये."

तुमच्या घरी टँकर आला की कोण उठतं? गावात होतो तवा मीबी कधी उठलो नाय.