माझ्यासमोर काटा चढत नाही

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. या सदरातले अनुभव वाचून मी हसायचो. केमिकल इंजिनीअरिंग शिकवणारा माणूस, चकवा-बिकवा कसला मानणार!

ऐंशीच्या दशकाचा शेवट. जळगावच्या एका कॉलेजात मी आणि भडगावचा भास्कर एअरलिफ्ट रिअ‍ॅक्टरवर काम करत होतो. नळीत नळी घातलेला उंच पारदर्शक खांब. खालून हवा सोडली की पाणी आतल्या नळीतून वर चढतं, बाहेरच्या बाजूनं खाली उतरतं, फिरत राहतं. फिरताना ते हवेतला ऑक्सिजन किती झपाट्यानं घेतं ते मोजायचं. त्यासाठी आधी नायट्रोजन सोडून पाण्यातला ऑक्सिजन हाकलायचा, मीटरचा काटा शून्यावर आणायचा... मग हवा सुरू.

नायट्रोजन खोलीत साठू नये म्हणून खांबाच्या डोक्यावरची रबरी नळी खिडकीबाहेर सोडलेली असे. त्या दुपारी मे महिन्याच्या झळा आत येत होत्या, पाणी तापून रीडिंग बिघडत होती. भास्कर वर्कशॉपमध्ये गेलेला. मी नळी आत ओढली, खिडकी घट्ट लावली.

तो परत आला. "जा, जेवून ये आधी. उपाशी असलास की तू आकडेसुद्धा खातोस!"

मी हसत गेलो. खिडकीचं सांगायचं राहिलं. नायट्रोजनला वास नसतो; बंद खोलीत साठला की माणूस गुदमरतो, त्याला कळतही नाही.

परत आलो तर तो खांबाच्या पायाशी पडलेला. पाणी मात्र फिरत होतं. मी खिडकी उघडली, नळी पुन्हा बाहेर सोडली — आणि मगच ओरडलो.

त्याच्या मृत्यूच्या चौकशीत ठरलं, सिलिंडरचा जोड त्यानंच नीट आवळला नाही. मी होकारार्थी मान हलवली.

पुढे धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजात नोकरी लागली. तिथे तसाच खांब उभारला. हवा सोडली, बुडबुडे उत्तम, पाणी फिरतंय... काटा शून्यावरच. पाण्यात बुडवलेला प्रोब बदलला, मीटर बदलला. काही नाही. वैतागून व्हरांड्यात आलो, तोच आतून लॅब अटेंडंट नाना ओरडले, "चढना सर, काटा चढना!"

मी आत गेलो. चढू लागलेला काटा होता तिथेच थांबला.

"सर, तुम्ही भाहेरच ऱ्हा," नाना म्हणाले, "काटा तुम्हले लाजस!"

पोरं खो खो हसली. मलाही हसावं लागलं.

आजही तसंच आहे. विद्यार्थ्यांना रीडिंग मिळतात. मी दारात पाऊल टाकलं की पाणी हवा घेणं सोडतं. बुडबुडे तेच, फिरण्याचा वेग तोच. माझ्या विषयातलं एकही कारण इथे लागू पडत नाही.

मध्यंतरी भडगावच्या स्टँडवर भास्करची आई भेटली. माझा हात धरून अक्का म्हणाल्या, "मना भास्कर असा बेफिकीर नही व्हता, भाऊ. मंग असं कसं व्हयनं?"

मी गाडीची वेळ झाली म्हणालो. त्यांना उत्तर द्यायचं अजून बाकी आहे.