न मागितलेला दुवा

उझबेकिस्तानातल्या रिश्तान गावच्या कुंभारआळीत एर्गाशचे घर विचारले की लोक उलट विचारत, "कुठला एर्गाश? ज्याच्या ताटाला रंग पुरला नाही तो?" ही ख्याती त्याने स्वतःच्या कष्टाने मिळवली होती.

झाले असे, की एकदा जपानी भांड्यांचे जाडजूड पुस्तक त्याच्या हाती लागले. त्यातले एकही अक्षर त्याला कळले नाही. चित्रांवरून मात्र मोकळी जागा हीच खरी कला, असे त्याने मनाशी पक्के केले. पुढची दोन वर्षे पुलाव वाढायची मोठी ताटे तो पांढरीशुभ्र ठेवी आणि काठाशी एकच निळी रेघ ओढी. रिश्तानच्या ताटावर तिळाएवढी जागा कोरी दिसली तरी गिऱ्हाइकाला फसवल्यासारखे वाटते. एके दिवशी शेजारीण वाटीभर निळा रंग घेऊन दारात उभी राहिली. "संकोच करू नका, एर्गाश-अका. आमच्याकडे उरलाय."

जपान संपल्यावर डाळिंबे आली, मग मासे आले. या सगळ्याआधीच्या अकरा वर्षांबद्दल तो कुणाशी बोलत नसे. त्या काळात सरकारी कारखान्यात बसून त्याने किटल्यांवर कपाशीच्या बोंडांची छापील चित्रे चिकटवली होती. अजूनही मन भरकटले की त्याच्या कुंचल्यातून कपाशीच उमटे. हे फक्त त्याला आणि त्याच्या बायकोला, मुकद्दसला, ठाऊक होते.

उन्हाळ्याच्या तोंडावर ताश्कंदहून झिलोला नावाची मुलगी आली. प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी तिला एर्गाशवर एक पान लिहायचे होते.

"अका, तुमच्या कामावर प्रभाव कुणाचे?"

एर्गाशने घसा साफ केला. वाळवंट, पूर्वज, फरगाण्याचे आकाश असे बरेच काही तो बोलला. आपण इतके छान बोलतो याचे त्याला स्वतःलाच नवल वाटले.

चहा ओतता ओतता मुकद्दस म्हणाली, "आकाशाकडे हे बघतात ते शेजाऱ्याची कबुतरं मोजायला."

झिलोला हसली आणि तिने पान उलटले. "आणि दुवा कुणी दिला? उस्ताचं नाव छापावं लागतं."

एर्गाशने पेल्यातला चहा एका घोटात संपवला. उस्ताने, म्हणजे गुरूने, हात उचलून दुवा दिला की शिष्य कारागीर होतो. तोवर त्याने कितीही भट्ट्या लावल्या तरी आळीच्या हिशेबी तो हाताखालचा माणूसच. एर्गाश पाच वर्षे उस्ता मामारसुलकडे शिकला आणि तेविसाव्या वर्षी, शिक्षण संपत आलेले असताना, एक शब्द न बोलता कारखान्यात गेला. कारखाना बंद पडल्यापासून गेली बावीस वर्षे दर पानगळीला तो आपले सर्वांत चांगले ताट उस्ताला दाखवायला नेई. उस्ता ते हातात घेत, "हं" म्हणत आणि मुलाबाळांची चौकशी करत. परतताना एर्गाश स्वतःला सांगे, पुढच्या वर्षी.

"नाव नंतर कळवतो," तो झिलोलाला म्हणाला.

उस्ता आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते आणि वसंतापासून अंथरुणाला खिळले होते. येत्या पानगळीनंतर आणखी एखादी पानगळ ते बघतील, असे कुणालाच वाटत नव्हते. एर्गाशने तीन महिने एकाच ताटावर घालवले आणि त्यात होते नव्हते ते सगळे ओतले. डाळिंबे, मासे, चाळीस पक्षी, शिवाय मधोमध जपानी रेघ. ताट भट्टीतून अखंड निघाले तेव्हा त्याने सगळ्या शेजाऱ्यांना बोलावून दाखवले.

द्राक्षवेलीच्या मांडवाखाली उस्ता बाजेवर टेकून बसले होते. त्यांची सून हायरिनिसो हिने चहा ठेवला. एर्गाशने ताट त्यांच्या मांडीवर ठेवले. उस्तांची नजर समोरच्या भिंतीवरून हलली नाही, आणि तेव्हा कुठे एर्गाशच्या लक्षात आले, की त्यांना आता दिसत नाही. वसंतात हे त्याला कुणीतरी सांगितलेही होते, पण ताटाच्या नादात तो विसरला होता. तीन महिने रंगवलेस, तेही आंधळ्या माणसासाठी. शाबास, एर्गाश, तो मनाशी म्हणाला.

उस्तांनी ताट उलटे केले आणि बुडाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"बूड जाड ठेवलंयस."

"मोठं ताट आहे, उस्ता. तडकू नये म्हणून..."

"भीती वाटते म्हणून. तासताना तुझा हात आधीच उठतो. तेव्हाही उठायचा. वर काय काढलंयस?"

"पक्षी."

"किती?"

"चाळीस."

"अल्ला! मग पुलाव कुठं वाढायचा?"

हायरिनिसोने बाहीने तोंड झाकले. एरवी या ठिकाणी एर्गाश "येतो" म्हणून उठत असे. या वेळी तो बसूनच राहिला.

"उस्ता, ताश्कंदची एक मुलगी विचारत होती, दुवा कुणी दिला म्हणून."

"मग?"

"तुम्ही दिला नाहीत."

"तू मागितलास?"

एर्गाश आठवू लागला. बावीस वर्षे तो काय म्हणत आला होता? सहज आलो. इकडून चाललो होतो. त्याचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होते.

"मला वाटलं, ताट आवडलं की तुम्ही स्वतःहून..."

"मी काय पाववाला आहे, दारोदार ओरडत फिरायला? दुवा तोंडानं मागायचा असतो, पोरा! दरवर्षी हा येतो, ताट ठेवतो आणि निकाल ऐकायला आल्यासारखा उभा राहतो. मी हिला म्हणायचो, आज मागेल. हिनं दोनदा पुलाव शिजवला."

"तीनदा," हायरिनिसो म्हणाली. "आणि बाबा, एकदा तुम्ही नवी टोपीसुद्धा घातली होती."

एर्गाशचे कान तापले. "मी न सांगता गेलो होतो, उस्ता. कोणत्या तोंडानं मागणार?"

"तुझी आई आजारी होती. कारखान्यात पगार होता. मला काय माहीत नव्हतं?"

एर्गाश बाजेपाशी गुडघे टेकून बसला. वर्गात पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारणाऱ्या पोरासारखा त्याचा आवाज निघाला. "उस्ता, दुवा द्या."

उस्तांचे तळवे वर आले. माती ह्याचं ऐको, आग ह्याला सांभाळून घेवो, असे म्हणत म्हातारा सावकाश, श्वास घेत घेत बोलत राहिला. "आणि अल्ला, ह्याला बूड तासायची हिंमत दे. पक्षी थोडे कमी दे."

"आमीन," एर्गाश घाईने म्हणाला आणि तळवे तोंडावरून फिरवू लागला.

"थांब रे," उस्ता म्हणाले. "तुझ्या बायकोसाठी मागायचं राहिलंय अजून. तिनं जास्त सोसलंय."