माझा पाय, मंगलची कंबर

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. आता सांगतेय तेही फार उशिरा — मनात ठेवून ठेवून दमले आहे, एवढंच.

आमच्याकडे कमरेत उसण भरली की पायाळू माणूस शोधतात. जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो पायाळू. त्यानं पालथ्या पडलेल्याच्या पाठीला तीनदा पाय लावला की उसण उतरते म्हणतात. माझ्या लग्नाला महिनाही झाला नव्हता, सासूबाई कंबर धरून बसल्या. शेजारणी पायाळू शोधायला लागल्या, आणि मी बोलून गेले — मी आहे. का बोलले? त्या घरात तोवर मला कोणी नावानं हाकसुद्धा मारली नव्हती. पण मी पायाळू नाही. माझा जन्म चारचौघांसारखाच झाला.

दोन दिवसांत सासूबाई उठल्या. त्या उठणारच होत्या, पण नाव माझं झालं. काष्टीच्या बाजाराला आलेली माणसं घर विचारत यायची, माझ्या पायाशी पालथी पडायची. खोटं कशाला बोलू — मला ते आवडायचं.

मग धाकटी जाऊ आली, मंगल. गुरांच्या घासाचा भारा उचलला की तिची कंबर धरायची. मी पाय लावला — एकदा, दोनदा, कितीदा तरी. ती बिचारी खरं तेच सांगायची, "न्हाई ओ अक्का, हाय तशीच हाय." बाया माझ्याकडे बघायला लागल्या. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "कळ खरी असती तर गेली असती."

त्या दिवसापासून मंगल घरात कामचुकार ठरली.

पुढे तिच्या पायाला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा श्रीगोंद्याला तिच्यासोबत मीच गेले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. तिचा कमरेचा शेवटचा मणका एका बाजूनं खालच्या हाडाला जोडलेला होता, जन्मापासूनच. ओझं उचलू नका, म्हणाले. घरी आल्यावर तिनं ते सांगितलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं — खरं का गं? सांगा, 'हो' म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी म्हणाले, "मोडलंबिडलं काय न्हाई, म्हणले."

मंगल माझ्याकडे बघत राहिली. मग उठून धारा काढायला गेली. त्यानंतर चौदा वर्षं तिनं भारे वाहिले. आता भिंतीला धरून उठते.

गेल्या आठवड्यात माझ्याच कमरेत उसण भरली. तेल चोळायला मंगल आली. खाली बसताना दोनदा थांबली. बराच वेळ चोळत होती, मग हळूच म्हणाली, "अक्का, कळ खरी हाय ना? मग जाईल."

माझी तिसऱ्या दिवशी गेली. तिचीही खरीच होती, आणि ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं.