बुडबुडा आला नाही

आमच्या थोरल्या साडूंना एका जागी पाच मिनिटं बसलेलं पाहिलेला माणूस रेणापुरात अजून जन्माला यायचाय. फाट्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान, पण ते दुकानात सापडतील तर शपथ! जेवतानासुद्धा एक घास चुलीपाशी, दुसरा ओसरीत आणि तिसरा रस्त्यावर, कुणाच्या तरी टायरवर टिचकी मारून बघताना. माझी मेहुणी, आक्का, लग्न झाल्यापासून एकच वाक्य बोलत आलीय, "जरा बसा की हो!" त्यात माणूस कमालीचा संशयी. नवीकोरी ट्यूबही हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात बुडवल्याशिवाय चाकात घालायचे नाहीत. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचे, "कंपनीचा शिक्का हवा धरतो का?"

मागच्या वर्षी माहूरच्या पायऱ्या चढताना साडू मधेच मटकन खाली बसले. "पायऱ्या पयल्यापेक्षा उंच झाल्यात," असं वर आम्हालाच ऐकवलं. पण ते आपणहून बसले, हे पाहूनच आक्काचा चेहरा पांढरा पडला.

लातूरच्या डॉक्टरांनी निदान केलं, हृदयाची झडप आवळलीय. मांडीच्या रक्तवाहिनीतून नळीने फुगा वर न्यायचा, तो फुगवून झडप मोकळी करायची आणि तिथे नवी बसवायची. फुगा फुगताना काही सेकंद हृदय इतकं जोरात पळवतात, की रक्त पुढे जाणंच जवळजवळ थांबतं. भूल फक्त मांडीपुरती, आणि तेवढा वेळ अजिबात हलायचं नाही. या माणसाला झोपेतही कुणी स्थिर पाहिलं नव्हतं!

साडूंची काळजी वेगळीच. "हवा किती मारता?"

"हवा नाही, काका. औषध घातलेलं पाणी."

"पाणी? अन् फुगा फुटला तर?"

"आम्ही आधी तपासतो."

"म्या बघितल्याबिगर सही न्हाई."

आक्का रडकुंडीला आली. उशीर केला तर चालता चालता कोसळाल, असं डॉक्टरांनी बजावलं, तरी हे खोलीत येरझाऱ्या घालतच राहिले. शेवटी डॉक्टरांनी नमुन्याचा एक फुगा आणला, त्यात हवा भरली आणि स्टीलच्या भांड्यातल्या पाण्यात बुडवला. साडू नाक पाण्याला टेकेपर्यंत वाकले. बुडबुडा आला नाही. "घाला आता," म्हणाले आणि सही ठोकली.

झडप बसवायच्या दिवशी येरझाऱ्या मी घातल्या. डॉक्टर बाहेर आले ते हसतच. "काकांनी पायाचा अंगठासुद्धा हलवला नाही." मी साडूंना विचारलं, हे जमलं कसं?

"साडूभाऊ, आतलं समदं थांबल्यागत झालं. लई भ्यालो. मग म्हनलं, ही एवढी वर्सं बसा म्हणून राहिली, एकदा तरी ऐकावं तिचं."

आता त्यांची भटकंती पूर्ववत सुरू आहे. परवा मी गेलो तेव्हा मात्र ते ओट्यावर बसले होते, रस्त्याकडे बघत, चांगली पंधरा मिनिटं. आक्का बाहेर आली. त्यांना तसं पाहून दारातच थबकली, मग जवळ जाऊन तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"उठा की हो. फाट्यावर एक चक्कर तरी मारून या."

ते चपला घालून निघाले. ते वळणापलीकडे जाईपर्यंत आक्का उभी होती. मग डोळ्यांना पदर लावून ती त्यांच्या जागेवर बसली.