मी शिवलेली छाती

माझ्या बोलण्यावर सात रस्ता चौकात कुणी विश्वास ठेवत नाही, आणि त्यात लोकांची काही चूक नाही. तीस वर्षं मी रिक्षांच्या सीटा शिवतोय. हात कामात, तोंड रिकामं, समोर गिऱ्हाईक बसलेलं. मग मी सांगतो, की माझ्या सीटवर बसून एक बाई कुर्डुवाडीला निघाली आणि अशी गाढ झोपली, की रिक्षावाल्यानं शेवटी तिला सीटसकट उचलून घरात नेऊन ठेवलं. लोक हसतात, चहा सांगतात, पुन्हा येतात. त्यामुळं आयुष्यात एकदाच जे खरं घडलं ते सांगायला बसलो, तेव्हा ऐकणारे आधीच हसायच्या तयारीत होते. म्हणून हे लिहून काढतोय. लिहिताना समोर कुणी नसतं, थाप मारायचा मोह जरा कमी होतो.

मागच्या वर्षी जिना चढताना छातीत कळ आली. तपासणीत हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. बायपास करायचं ठरलं, पण आधी चालू असलेली रक्त पातळ करायची गोळी बंद करून पाच दिवस दवाखान्यातच थांबा म्हणाले. पाच दिवस नुसतं पडून राहायचं म्हणजे माझ्यासारख्याला फाशीच. दर सोमवारी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी जाणारा मी, पण त्या खाटेवर पहिल्यांदा शंका आली, की एवढ्या थापा मारणाऱ्याची हाक देव खरी धरेल का? भीतीच्या भरात नवस बोललो, बरा झालो तर सिद्धेश्वरानं गावाभोवती स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांचं दर्शन अनवाणी करीन. बायको शेजारी संत्रं सोलत होती. म्हणाली, "जिना चढताना दम लागतोय, आन् अडुसष्ट लिंगं अनवाणी? अवो, देवालाबी थापा मारताय व्हय?"

तिसऱ्या दिवशी सुजाता सिस्टर मला अतिदक्षता विभाग दाखवायला घेऊन गेल्या. ऑपरेशननंतर तिथं डोळे उघडल्यावर माणूस घाबरू नये, म्हणून आधीच दाखवून ठेवतात. तिथं कोपऱ्यातल्या खाटेभोवती पाच-सहा जण जमले होते आणि खाटेवर होती एक उशी. एक जण मोठ्यानं मिनिटं मोजत होता, एक शॉक दिल्यासारखं करत होता, आणि हातमोजे घातलेली एक डॉक्टर उशीवर लावलेली चिकटपट्टी कापत होती. ती डॉक्टर समीना, मोठ्या सर्जनची असिस्टंट, इथल्याच एका ट्रकवाल्याची लेक. मी विचारलं, हा कसला खेळ? तिनं हातातलं काम न थांबवता सांगितलं. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या माणसाचं हृदय बंद पडलं, तर लगेच छातीवर जोर देऊन दाबत सुटायचं नसतं, आत नुकतंच शिवलेलं फाटू शकतं. आधी झटपट शॉक द्यायचे. त्यानं जमलं नाही तर पाच मिनिटांच्या आत, तिथंच खाटेवर, शिवलेली छाती पुन्हा उघडायची आणि हृदय हातात धरून दाबायचं. हे दर आठवड्याला घोटावं लागतं.

माझी जीभ कुठं ऐकते. म्हटलं, "डॉक्टर, उशीवर शिकलेला माणूस उशीच वाचवणार की."

"मग काका, तुम्हीच द्या की शिवून छाती," ती हसून म्हणाली.

तिनं चेष्टा केली, मी खरं धरलं. मेव्हण्याकडून दुकानातून काळं रेक्झिन, कडक फोम, प्लायच्या दोन पट्ट्या, तार आणि वाकडी सुई मागवली. खाटेवर मांडी घालून बसलो. समीना दिसली की प्रश्न. छातीचं हाड किती जाड? कापल्यावर ते परत कशानं बांधता? तारेनं? आमच्यासारखंच! किती ठिकाणी? सहा? हृदय मुठीएवढं असतं म्हणतात, पण कुणाच्या मुठीएवढं? ती म्हणाली, "ज्याचं त्याच्या." दोन दिवस मरणाची भीती कुठं गेली ते कळलंच नाही. मला फक्त माणूस आतून कसा शिवलेला असतो ते बघायचं होतं.

आता माझी एक सवय. सीट बांधताना मी तारेचं टोक पिळून आत वळवतो आणि फोममध्ये पुरून टाकतो. टोक वर राहिलं आणि गिऱ्हाइकाची पँट फाटली, तर तो माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. तीच सवय मी छातीलाही लावली. दुसऱ्या दिवशी समीनानं त्या छातीवर सराव केला, तर तिला टोकंच सापडेनात. पकड इकडे घाल, तिकडे घाल, सात मिनिटं झाली. सुजाता सिस्टर थंडपणे म्हणाल्या, "मॅडम, पेशंट गेला." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, टोकं वर काढून देतो. समीना म्हणाली, "नको काका. ऑपरेशनमध्ये आम्हीही टोकं अशीच आत पुरतो. आमच्या उशीला तारच नव्हती, म्हणून आजवर कळलं नाही." मग माझं ऑपरेशन होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा माझी छाती फाडायची आणि दर वेळी मी ती परत शिवायचो. शेवटी ती न बघता, नुसत्या बोटानं तारेची गाठ हुडकायला शिकली.

माझं ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी घशातली नळी निघाली आणि मी लगेच सुजाता सिस्टरना आमच्या मामाच्या म्हशीची गोष्ट सांगायला लागलो, ती म्हैस रेल्वेचं तिकीट काढायची ती. म्हैस खिडकीपाशी पोचली, आणि पुढं मला काहीच माहीत नाही. माझ्या जन्मातली सगळ्यात मोठी गोष्ट घडत होती आणि नेमका मीच तिथं नव्हतो. पुढचं सगळं मी महिनाभर एकेकाला विचारून गोळा केलंय.

सिस्टर सांगतात, "मॉनिटर मी नंतर बघितला. तुम्ही मधेच गप्प झालात, तेव्हाच ओळखलं." एकामागून एक तीन शॉक दिले, लागू पडले नाहीत. मोठे सर्जन खालच्या थिएटरात दुसऱ्या पेशंटची छाती उघडून उभे होते, त्याला सोडून कसे येणार? समीनानं जिवंत माणसाची छाती अशी खाटेवर कधी उघडली नव्हती. तिनं टाके कापले, बोट आत घातलं आणि पहिली गाठ तिथंच सापडली. मग दुसरी. सहाही तारा कापून हाड उघडलं, तर आत रक्ताची गुठळी साचून हृदय दाबलं गेलं होतं. ती काढून तिनं माझं हृदय दोन्ही तळव्यांत धरलं आणि दाबायला लागली. सिस्टर मिनिटं पुकारत होत्या. दाराबाहेर आमची ही भिंतीला टेकून, सिद्धेश्वराच्या यात्रेत म्हणतात तसं, "हर्र बोला हर्र" एवढंच म्हणत होती. आत काय चाललंय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण पळापळ कळत होती. चौथं मिनिट सरायच्या आत हृदय चालू झालं. मग मला थिएटरात नेलं आणि पुन्हा शिवलं.

आता जे कबूल करायचंय ते. घरी आल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "वर काय दिसलं?" मी सांगितलं, तळ्याच्या पाण्यावरून साक्षात सिद्धेश्वर चालत आले, माझ्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, ऊठ, अजून सीटा शिवायच्या राहिल्यात. लोकांनी हात जोडले, एक-दोघांनी तर माझ्या पाया पडायला बघितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर लोकांनी विश्वास ठेवला, आणि तो नेमका खोट्यावर. पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, "मला तर म्हणला होता, कायबी दिसलं न्हाई. अवो, ज्यानं जीव दिला त्याच्या नावानंबी थापा?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढं तपासणीला गेलो तेव्हा समीना भेटली. मनात आणखी एक चोर होताच. म्हटलं, "म्हणजे माझ्याच तारेनं मी वाचलो म्हणायचं." ती म्हणाली, "गाठ चटकन सापडली ती तुमच्यामुळंच काका, खोटं कशाला बोलू? पण एक सांगू? मी दाबत होते तेव्हा ते नुसतं मऊ होतं. पुन्हा दाबणार, तेवढ्यात ते आपणहून हललं. मी दाबलं नव्हतं. का हललं ते पुस्तकात लिहिलंय, पण खरं सांगते, त्या क्षणी मला काही माहीत नव्हतं. घरी अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, शुक्र कर आणि जेव."

घरी येताना तळ्याकाठी बसलो. ज्या सिद्धेश्वरानं भक्तांना बरोबर घेऊन स्वतः हे तळं खोदलं असं आपण लहानपणापासून ऐकतो, तो पाण्यावरून चालत कशाला येईल? त्याला खोदायची सवय. तो कुणाच्या तरी दर आठवड्याच्या सरावात असेल, सिस्टरच्या मिनिटं मोजण्यात असेल. माझी वाह्यात जीभ आणि आत वळवलेली तारही त्यानं कामाला लावली असेल. पण ते एकदा हलणं कुणाचंच नव्हतं. ते सिस्टरचं नाही, समीनाचं नाही, माझं तर नाहीच. तिथं मी पहिल्यांदा काही न मागता, कसला नवस न बोलता हात जोडले. अडुसष्ट लिंगं आम्ही पुढं रिक्षानं केली. "चपला घालून चला," बायको म्हणाली, "देव पाय बघत न्हाई."

परवा दवाखान्यातून निरोप आला, सराव करून करून ती छाती फाटली, नवी शिवून द्या. दुकानात शिवायला बसलो होतो. समोर सीटसाठी थांबलेला रिक्षावाला म्हणाला, "मामा, तुमी मरून आलाय म्हनं. काय दिसलं तितं?"

"काहीच नाही."

"थापा!" तो मांडीवर हात मारून हसला. "कायतरी दिसलंच असंल की."

मीही हसलो. सहाही तारांची टोकं पिळून आत वळवली. पहिल्या छातीत मी आत काहीच ठेवलं नव्हतं, ती रिकामीच होती. या वेळी रेक्झिन मिटायच्या आधी स्पंजाचा तुकडा घेतला, डाव्या हाताची मूठ वळून त्यावर ठेवली, आणि तेवढ्याच मापाचं हृदय कापून आत बसवलं.