भूक की भीती

त्या दुष्काळी वर्षी गावात ज्याला त्याला टँकरची काळजी होती, मला मात्र माझ्या लेकीच्या ताटाची. सुनंदा बारावीला होती. आधी संकष्टी, मग मंगळवार, गुरुवार, आणि पुढे रोजच "आज न्हाई, आई." सासूबाईंना तिच्या भक्तीचं कौतुक वाटायचं, खरं सांगते, सुरुवातीला मलाही वाटलं. पण तिच्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, पाळी थांबली, आणि एका सकाळी वडिलांचा डबा घेऊन दूध सोसायटीत गेली ती दारातच कोसळली.

तालुक्याला सलाईन लावून घरी पाठवलं. मोठ्या दवाखान्यात पोटाच्या डॉक्टरांनी बायकांच्या डॉक्टरांकडे धाडलं, त्यांनी परत पोटाकडे. दर वेळी नवा केसपेपर, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं. एक जण म्हणाले, "लाडावलीय." माझा जीव टांगणीला, आणि पोर कुणाचीच नाही.

परतताना वाटेत लिंबागणेशच्या देवळाशी तिला घेऊन उतरले. गणपतीपुढे बसले, पण मन फाटलेलं. ज्याच्या नावानं पोर उपाशी राहते, त्याच्याकडेच काय मागायचं? शेवटी एवढंच म्हणाले, "मला कळत न्हाई. आता तूच बघ."

देवळात शेजारी बसलेल्या एक वयस्कर बाई केव्हापासून सुनंदाचे हात पाहत होत्या. नोकरीतून निवृत्त झालेल्या नर्स होत्या त्या. हळूच म्हणाल्या, "बाळा, भूक लागत न्हाई, का खायची भीती वाटती?"

सुनंदाला रडू फुटलं. "भीती वाटती. लई."

चार महिने मी रागावले, शपथा घातल्या. हे एकदाही विचारलं नव्हतं.

"हा आजार हाय, माय. नखरा न्हाई," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आमच्याबरोबर त्याच मोठ्या दवाखान्याच्या मानसोपचार विभागात आल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद एका फाईलीत लावले. आधी काही दिवस वॉर्डात ठेवलं, कारण इतक्या उपासानंतर एकदम जास्त खाणंही धोक्याचं होतं. मग आहारतज्ज्ञांनी जेवण ठरवून दिलं, आणि गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टर दर आठवड्याला वजन करून डॉक्टरीणबाईंना फोन करू लागल्या. माझ्या लेकीसाठी माणसं पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होती.

अजून ती पूर्ण बरी नाही. एखाद्या दिवशी अर्ध्या भाकरीपुढे थिजून बसते. पण मी तिचे घास मोजणं सोडलंय. वाढते, शेजारी बसते, माझं जेवते. माझ्या हातात तेवढंच आहे.

काल तिनं आपणहून लोणचं मागितलं. बरणीचं झाकण मला उघडेना. तिनंच उघडलं. मी देवाचं नाव घेतलं आणि माझं जेवत राहिले.